गुडघा पंधरा मिनिटं, बाकडं तीन तास

आमची आत्या इस्पितळात कामाला आहे. पण ती डॉक्टरही नाही आणि नर्सही नाही. गुडघेदुखीच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे. तिच्यात सामील झालेले पेशंट शेवटपर्यंत टिकवून धरणं, हे आत्याचं काम. माणसं टिकवायचा तिला सराव आहे. आमचे काका इतकी वर्षं टिकलेत.

या चाचणीनं मात्र तिच्या नाकी नऊ आणले. शंभरातले पंधरा गळतील असं धरून आकडेवाल्या साहेबांनी आराखडा बांधला होता. ते पंधरा केव्हाच गळाले. शिवाय गळत होते ते बरे झालेले. कण्हणारे मात्र नेमानं हजर. सगळे कण्हणारेच उरले, तर गोळीचा गुण कळणार कसा? दोन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली.

त्यात चाचणीतले एक पेशंट, शिंपी मास्तर, फोन उचलेनात. आत्या थेट घरी धडकली. मास्तर जिना धडाधड उतरत आले.

"मास्तर, शेवटची तपासणी राहिलीय."

"ताई, गुडघा ठणठणीत आहे. आता दवाखान्यात येऊन काय करू?"

"तेच तर लिहून घ्यायचंय. किती वाकतो, ते मोजायला हवं."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. "मोजायचं मला सांगताय होय?"

"माझा ब्लाउज वर्षभर नुसता मोजूनच पडलाय," आतून त्यांची बायको म्हणाली.

"तू थांब गं. ताई, तुमच्याकडे गुडघा पंधरा मिनिटं आणि बाकडं तीन तास. थेट आत घेणार असाल तर येतो."

आत्या डॉक्टरांशी भांडली आणि मास्तरांना थेट आत घेतलं. झालं, बाकड्यावरच्या सगळ्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी चौघांनी बजावलं, "आम्हालाही थेट घ्या, नाहीतर आम्ही निघालो."

आत्यानं कपाळाला हात लावला आणि आकडेवाल्या साहेबांना फोन केला.

"काही हरकत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "पुढच्या वेळी शंभराऐवजी सव्वाशे माणसं घेऊ."

"म्हणजे त्याच बाकड्यावर सव्वाशे?"

"मग गळती किती धरू, ते तरी सांगा."

"उद्या सकाळी या आणि त्या बाकड्यावर बसा," आत्या म्हणाली. "तुम्ही किती वेळ टिकता ते बघू, मग आकडा ठरवू."