चिनी मातीची टोपी

साताऱ्याला मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवत असे. लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. एकदा विहिरीवर पाणी ओढताना हात सुटला आणि रहाटाचा दांडा उलटा फिरून तोंडावर बसला. वरचा पुढचा दात अर्धा तुटला. बोलताना मी तोंडाशी पदर धरू लागले. वर्गातल्या मुली हसायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. तेच जास्त लागे.

बहीण सांगलीला दिली होती. तिच्या ओळखीने तिथल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी उरलेला दात घासून बारीक केला, माप घेतले आणि आठवड्याने त्यावर चिनी मातीची टोपी बसवली. आरशात माझा दात कुठला आणि त्यांचा कुठला, मलाच कळेना.

"ऊस, सुपारी, काही या दाताने तोडायचं नाही," ते म्हणाले. दोऱ्याचे ते बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

टाका संपला की दोरा दाताने तोडायचा, ही माझी लहानपणापासूनची खोड. शाळेतल्या शिपाईमावशी खेड्यातल्या. त्या म्हणायच्या, "आवं बाई, कातर हाय की हितं!" मी हो म्हणायची आणि पुढचा दोराही दातानेच तोडायची.

तीनेक वर्षांनी गार पाणी खालच्या दाताला झोंबू लागले. पुन्हा सांगली गाठली. डॉक्टरांनी टोपीच्या कडेवरून बोट फिरवले.

"इथली चकाकी गेलीय, खरखरीत झालीय. आता ही खालच्या दाताला झिजवतेय. काय तोडता हो बाई?"

"दोरा."

ते रागावले नाहीत. पायाने चालवायचे यंत्र ओढून कड गुळगुळीत करू लागले. मध्येच यंत्राचा पट्टा घसरला.

"सैल झालाय," मी म्हटले. "थोडा कापून पुन्हा जोडा. माझ्या मशीनचा मी तसाच करते." त्यांनी पट्टा माझ्याच हातात दिला. मी तो नीट करून दिला, मग माझा दात पुढे सुरू झाला.

"आणि खालचा?" निघताना मी विचारले.

"झिजला तो झिजला. राहिलाय तेवढा सांभाळा."

वाईट वाटले. इतके दिवस ऊस-सुपारी टाळून मी टोपीलाच जपत होते.

घरी आल्यावर कात्री नाडीने गळ्यात अडकवली. तरी कितीतरी दिवस दोरा आपोआप तोंडाशी जायचा आणि मी मध्येच थांबायची. मुलींना वाटे, बाई टाका निरखून बघताहेत.