भरल्या पोटाची कोलंबी

डोंबिवलीच्या मासळी बाजारात आवडाबाईंकडून मी दर रविवारी सुका जवळा घ्यायचो. कांद्यावर परतलेला जवळा आणि भाकरी असली की आमच्या घरी दुसरं काही लागत नसे. १९८८ च्या दिवाळीनंतर एका रविवारी त्यांच्या पाटीत जवळा नव्हता. पुढच्या रविवारीही नव्हता. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "कुठून देऊ? आमचा मानूस सगला नेऊन खाजनात ओततो. मानसांनी उपाशी रवाचा न कोलबीनी जेवाचा."

त्या हसत बोलल्या, पण रिकाम्या पाटीवर हात फिरवत होत्या.

मी तेव्हा मानपाड्याच्या बाजूला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. साखर कारखान्यांकडून मळी यायची, ती मोठ्या टाक्यांत यीस्ट घालून आंबवायची आणि तिच्यातून अल्कोहोल काढायचा. त्यातला काही पेट्रोलमध्ये मिसळून मोटारी चालवायच्या प्रयोगाला जातो, असं आमचे साहेब पाहुण्यांना अभिमानाने सांगत. टाकीच्या तळाशी जो जाड, तपकिरी गाळ उरायचा त्याबद्दल मात्र पाहुण्यांना कोणी काही सांगत नसे. तो नाल्यात जायचा. वारा फिरला की त्याचा जळक्या गुळासारखा आंबूस वास खाडीपर्यंत पोचायचा.

त्या गाळात यीस्ट असतं आणि त्यात प्रथिनं भरपूर असतात, हे मला ठाऊक होतं. एकदा काम नव्हतं तेव्हा मी आपल्या मनानेच तपासणी करून पाहिली होती. ती कोणाला दाखवली नाही. विचारल्याशिवाय बोलायची मला सवय नव्हती. पण त्या रविवारी तोंडातून निघून गेलं, "कोलंबीला जवळ्याऐवजी दुसरं काही चाललं तर... म्हणजे, मला नक्की माहीत नाही..."

"मना काय सांगता? त्याला जाऊन सांगा," आवडाबाई म्हणाल्या.

असा मी दामाजीकडे गेलो.

कोपरच्या पलीकडे, खाडीला लागून त्यांचा पाडा होता. दामाजी पन्नाशीचा, बुटका, रुंद छातीचा. डाव्या हाताची दोन बोटं कधीतरी जाळ्याच्या दोरात सापडून वाकडी झालेली. खाडीतली मासळी कमी झाली तेव्हा पाड्यातली बरीच माणसं कारखान्यांत लागली. दामाजीने गावकीकडून खाजण मागून घेतलं. खाजण म्हणजे बांध घालून अडवलेली खाडीकाठची खारी जमीन. बांधाला एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. उधाणाच्या भरतीला उघाडी उचलली की पाण्याबरोबर कोलंबीची पिल्लं आत येतात. मग दार टाकायचं आणि ती वाढवायची. पूर्वी ती आपली आपण वाढत. आता पाण्यातच काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांना खायला घालावं लागे.

ते खाजण एका भरणी करणाऱ्या माणसाने मागितलं होतं. माती टाकून तिथे इमारती उभ्या करायच्या होत्या. गावकीचा पुढारी गुणाजी हा दामाजीचा चुलतभाऊ. माणूस वाईट नव्हता. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "दामा, तू बोलतो खाजन गावाला पोसंल. मंग पोसून दाखव. चैताच्या जत्रंला देवीपुढं कोलबी आन. गावाला पटली तं खाजन रवंल. नायतर भरनी."

जवळा घालून हे जमणार नव्हतं. बायकांना बाजारात विकायलाच जवळा पुरत नव्हता, आणि माणसाच्या ताटातलं काढून कोलंबीला घातलेलं गावाला पटलं नसतं.

पहिल्यांदा मी डबाभर वाळवलेला गाळ घेऊन गेलो. दामाजीने चिमूट तोंडात टाकली, चघळली आणि बांधावर थुंकला.

"कडू जहर! कोलबी पन थुंकंल."

"बरोबर आहे. राहू दे," असं म्हणून मी डबा पिशवीत घालू लागलो.

"अवो, राहू दे काय? धुवून बगू. तुमी तं लगीच दुकान बंद करता!"

तीन पाण्यांनी धुतल्यावर कडूपणा गेला. मग त्यात तांदळाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि वासापुरता मूठभर जवळा घातला. आवडाबाईंनी ते सगळं मळून उकडलं आणि चकलीच्या सोऱ्यातून जुन्या लुगड्यावर शेवेसारखं पाडलं.

"दिवालीचा सोऱ्या गेला माजा," त्या म्हणाल्या. "आता पावन्यांना चकली दिली तं बोलतील, आवडाबाय, कोलबीची उष्टी हाय का गो?"

उन्हात वाळल्यावर त्याचे तुकडे करून बांबूच्या रोवळीत घातले आणि रोवळी दोरीने पाण्यात सोडली. तासाभराने दामाजीने ती वर ओढली. रोवळी रिकामी होती, आणि तळाशी दोन कोलंब्या तडतड उडत होत्या. त्याने वाकड्या बोटांनी कडा चाचपून पाहिल्या, कुठे एखादा तुकडा अडकला आहे का म्हणून. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "हरिभाव, तुमच्या मोटारीचा उष्टा खाल्ला की यांनी!"

माझं नाव हरिहर. हरिभाऊ मला घरीदारी कोणी म्हणत नव्हतं. तिथे मात्र शेवटपर्यंत तेच नाव राहिलं.

साहेबांना विचारायला मला आठ दिवस लागले. ते हसले. "ने, ने. नाल्यावरचा भार तेवढाच कमी." मग दर शनिवारी सायकलच्या कॅरिअरला गाळाची गोणी बांधून मी खाडीकडे जायचो. फाल्गुनात कोलंबी बोटाएवढी झाली. बांधावर बसून आम्ही रोवळी ओढायचो, आवडाबाई काळा चहा आणायच्या. माझ्या हातून काही बरं घडतंय असं मला त्या चार महिन्यांत वाटलं. त्याआधी किंवा नंतर फारसं कधी वाटलं नाही.

त्याच सुमारास वाचनालयात मला मत्स्यखात्याची एक जुनी पुस्तिका मिळाली. तिच्यात एक ओळ होती : काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य पूर्ण बंद ठेवावे, म्हणजे कोलंबीचे आतडे रिकामे होते व मांसाला खाद्याचा वास येत नाही. मी ते पान दुमडलं, पुस्तिका खिशात घातली आणि जत्रेच्या आदल्या दुपारी खाजणावर गेलो.

दामाजी होडीत उभा राहून खाद्य टाकत होता. रोजच्या दुपटीने. आवडाबाई काठावर टोपल्या भरून देत होत्या.

"आज जरा जास्त घालताय?" मी विचारलं.

"उद्या आईपुढं जावाचीत ना! आमच्यात उपाशी जीव आईपुढं नेत नाय. कोंबरा असू दे, बकरा असू दे, आदी पोटभर चारावाचा, मंग न्यावाचा. यांनी काय पाप केलाय?"

माझा हात खिशावर होता. पुस्तिका काढून ते पान त्याच्यापुढे धरायचं, एवढंच काम होतं. पण ज्याचा आजा याच बांधावर कोलंबी धरायचा, त्याला मी काय शिकवणार? त्यातून हे देवीचं. एका दिवसाने असा काय फरक पडणार आहे, असंही मी मनाशी म्हटलं. फरक पडतो हे मला कळत होतं. त्या गाळाचा वास माझ्या शर्टातून चार-चार धुण्यांत जात नसे.

"बरं आहे," मी म्हणालो.

शेवटची टोपली उरली तेव्हा दामाजीने होडी काठाला आणली. "घ्या हरिभाव, शेवटची मूठ तुमची." मी ती मूठ पाण्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं. पाणी निघालं तशी कोलंबी नुसती कोसळत आली. बघायला आलेली माणसं ओरडत होती. गुणाजीने स्वतः चार टोपल्या खांद्यावर वाहिल्या. "दामा, जिंकलास लेका," असं त्याने म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

पहिली कोलंबी विकायची नाही, देवळापुढे एका मोठ्या टोपात शिजवायची आणि घरटी एक वाटा द्यायचा, अशी त्यांची रीत. एवढी कोलंबी कोण निवडत बसणार? नुसती धुऊन, सालीसकट, पाठीतला काळा दोरा, म्हणजे तिचं आतडं, न काढता टोपात टाकली. पहिला घास पाड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचा. ती मनुबाई. तिला दिसत कमी होतं. सुनेने हातावर कोलंबी ठेवली, तिने तोंडात घातली, दोनदा चावली आणि थांबली. नाकाशी बोटं नेऊन पाहिली.

"अगो बाय," ती म्हणाली, "यो तं मानपाड्याचा वास!"

पाड्यातल्या प्रत्येकाला तो वास माहीत होता. वारा आला की ते खिडक्या लावून घेत. एकेकाने कोलंबी तोंडात घातली आणि एकेकाने बाहेर काढली. मागून कोणीतरी म्हणालं, "दामाजीनं कोलबीला पाजली रं!" दुसरा म्हणाला, "मंग काय, चाकन्यासकट आनलीय!" हशा पिकला. दामाजी हातात डाव घेऊन उभा होता. त्यालाही आधी थट्टाच वाटली. मग त्याने एक कोलंबी खाल्ली आणि त्याचं तोंड उतरलं.

गुणाजी माझ्याकडे वळला. "सायब, तुमी शिकलेले. सांगा गावाला, यात काय हाय?"

मी उभा राहिलो. "दारू नाही," मी म्हणालो. "अल्कोहोल काढून झाल्यावर जो गाळ उरतो, त्याचं..."

"गाल?" मनुबाईने विचारलं. "आईपुढं गाल?"

तिथे मी म्हणायला हवं होतं की वास पोटातल्या खाद्याचा आहे, मांसाचा नाही. एक दिवस उपाशी ठेवलेली कोलंबी उद्या चाखून पाहा. पण तसं म्हणणं म्हणजे दामाजीने देवीसाठी प्रेमाने जे केलं तेच चुकलं, असं देवीच्या दारात सांगणं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो गुणाजीला सांगत होता, "भरल्या पोटी आनलीय रं. एक पन उपाशी नाय आनली." मी खाली बसलो.

गावाने त्याच संध्याकाळी भरणीला होकार दिला.

बाजारात ही गोष्ट आवडाबाईंच्या आधी पोचली. खाजणात उरलेली कोलंबी कोणी घेईना. चार दिवसांनी मी गेलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि दामाजी उघाडी पूर्ण उचलून बाजूला बसला होता. जाळं नव्हतं. कोलंबी पाण्याबरोबर खाडीत चालली होती. मी शेजारी बसलो. पाण्याकडे बघत तो म्हणाला, "मोठी झालेली, नाय?"

"हो," मी म्हणालो.

माती पावसाळ्यानंतर पडायला लागली. म्हणजे मध्ये सहा महिने होते. दोनदा मी ती पुस्तिका घेऊन गुणाजीच्या घरी गेलो. एकदा दारात पाहुण्यांच्या चपला दिसल्या म्हणून परतलो. दुसऱ्यांदा चपला नव्हत्या, तरी परतलो.

दामाजीने पुढे खाडीत जाणं सोडलं. बाजारात आवडाबाईंच्या मागे तो पाट घेऊन बसू लागला. नव्या इमारतींतल्या बायकांना कोलंबी साफ करून हवी असायची. तो साल काढायचा, पाठीवर सुरीने बारीक चीर द्यायचा आणि काळा दोरा अलगद ओढून काढायचा. वाकड्या बोटांनी ते काम इतकं सफाईने होई की बायका मुद्दाम त्याच्याकडे येत. मी दर रविवारी जायचो. खाजणाचा विषय आम्ही काढत नसू.

१९९६ मध्ये मी नोकरीतून निवृत्त झालो. त्यानंतरच्या एका रविवारी बाजारात गर्दी नव्हती. दामाजी माझीच कोलंबी साफ करत होता. मी त्याला पुस्तिकेतली ती ओळ सांगितली. त्या दुपारी ती माझ्या खिशात होती, हेही सांगितलं.

त्याचा हात थांबला नाही. "म्हंजे एक दीस उपाशी ठेवली असती तं वास नसता आला?"

"नसता आला."

त्याने आणखी एक दोरा काढला आणि पाटाच्या कडेला पुसला. "तुमी बोल्ले असते तरी मी ऐकला नसता, हरिभाव. आईपुढं उपाशी नसती नेली."

आवडाबाई पुढे तोंड करून बसल्या होत्या. त्या वळल्याही नाहीत. "ऐकला असता," त्या म्हणाल्या. "तुमचा सगला ऐकायचा तो."

"तू गप गो," दामाजी म्हणाला. उरलेली कोलंबी साफ करून त्याने माझ्या पिशवीत घातली. घरी येऊन मी ती ताटात पसरून पाहिली. एकीच्याही पाठीत दोरा राहिला नव्हता.