हळदीत लपलेली कावीळ

डॉक्टरांनी माझ्या खालच्या पापण्या अंगठ्यानं ओढल्या आणि खिडकीकडे तोंड करायला सांगितलं. "जाँडिस," ते म्हणाले. म्हणजे कावीळ. मग पोटाकडे बघून विचारलं, "कितवा महिना?" सातवा, मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला.

तुम्ही म्हणाल, डोळे पिवळे झालेले आधी कुणाला दिसले नाहीत? दिसणार कसे! दुष्काळात आम्ही नवराबायको आटपाडीकडून सांगलीला आलो आणि नाल्याकाठच्या झोपडपट्टीत राहिलो. मी हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायला जायचे. तिथं सगळ्याच बायका पिवळ्या. हात, पदर, केस, कितीही धुवा. अन्न नको झालं, उलट्या सुरू झाल्या, तर पोटुशी बाईला होतंच म्हणून सोडून दिलं. लघवी गडद होत असणार, पण आम्हा बायकांना अंधार पडल्यावर उघड्यावर जावं लागायचं. रंग कोण बघतंय?

शेजारच्या आक्काबाई वखारीत माझ्याच बाजूला बसायच्या. "हळदीचंच हाय गं, साबण लाव," म्हणाल्या. पुढं मी पोत्यावरच कोसळले, तेव्हा त्यांनीच मला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात आणलं.

"पाणी कुठलं पिता?" डॉक्टरांनी विचारलं. नळाचं. नळाचा पाइप गटारातून आलेला, हे सांगायला मला लाज वाटली. आक्काबाईंनी सांगून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, "घाण पाण्यानं होते ही. गरोदर बाईला फार जपावं लागतं. हेपॅटिक कोमाची भीती असते." म्हणजे लिव्हर थकलं की माणूस बरळतं, मग गुंगीत जातं. तसं झालं तर आई आणि बाळ, दोघांचं अवघड.

तेव्हापासून मला झोपेचीच धास्ती बसली. सलाइन चालू, डोळा लागला की दचकून उठायचे, स्वतःला चिमटे काढायचे. बाळ हललं की जीवात जीव. थोडा वेळ शांत राहिलं की परत तीच भीती.

डॉक्टर राउंडला आले की नाव विचारत, गाव विचारत. डोकं ठिकाणावर आहे का, ते बघायला. एका सकाळी विचारलं, "आज वार कोणता?"

मला सांगता येईना. डॉक्टर सिस्टरशी हळू आवाजात काही बोलले, त्या लगबगीनं बाहेर गेल्या. आली गुंगी, मला वाटलं. मी पोटावर दोन्ही हात गच्च धरले.

"आवं सायेब," आक्काबाई मध्येच म्हणाल्या, "तिला वार कवाच ठाव नसतो! वखारीला सुट्टी न्हाई, आमाला कसला वार? पाणी कवा येतं ते इचारा की तिला!"

डॉक्टरांनी खरंच विचारलं.

"एक दिवसाआड, पहाटं," मी म्हटलं. "काल आलं आसंल. आता उद्या. वरच्या वळीतल्या झोपड्यांना आदी सुटतं, मग आमाला. धार बारीक आसती, दोन घागरी भरस्तोवर जातंय..." मी सांगतच सुटले.

"पुरे, पुरे," डॉक्टर हसले. "शुद्ध अगदी चांगली आहे." त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तोंडावर पदर घेऊन मी हुंदके देऊन रडले.

हळूहळू डोळे निवळले. बायांनो, तुम्ही हळदीत राबत असाल तर आधी तोंड धुवा आणि उजेडात एकमेकींचे डोळे बघा. अन्न नकोसं झालं तर पोटातल्या बाळावर ढकलू नका.

घरी आले तर दारात माझी घागर भरलेली. मी नव्हते तेवढे दिवस वळीतल्या बायकांनी ती माझ्याच जागी रांगेत लावली होती. "तुजी जागा मोडू दिली न्हाई," आक्काबाई म्हणाल्या. या बायकांचे उपकार कसे फेडू? आणि खरं सांगते, त्याच पाण्याला तोंड लावायचं मला धाडस होईना.

पुढे लेक सुखरूप झाली, पण ते त्या दिवशी कुणाला ठाऊक होतं? मी भुशाची शेगडी पेटवली आणि पाणी खळखळून उकळलं. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी हसलं नाही. त्यांच्यातल्या यल्लव्वाला पाचवा लागला होता. ती घरी गेली, आपली घागर घेऊन आली आणि माझ्या शेगडीपाशी बसली.