पाच धोट्यांचा शब्द

काटेकोरपणा हा गुण दुरून पाहणाऱ्याला तेजस्वी वाटतो. शेजारी राहणाऱ्याला तो जाचतो. वीट तसूभर सरकली म्हणून सबंध यज्ञवेदी पुन्हा रचणारा ऋत्विज आपल्याला वंद्य असतो, पण त्याच्या हाताखाली विटा वाहणाऱ्याचे मत कुणी विचारलेले नाही. भिंगारचा विणकर नूरमहंमद हा याच कुळीचा होता. त्याची वेदी म्हणजे एक जपानी शब्द, आणि विटा वाहण्याचे काम आले खर्ड्याच्या कानिफनाथाकडे.

तरुणपणी नूरमहंमद मुंबईच्या एका कापडव्यापाऱ्याबरोबर जपानातल्या कोबे बंदरात गेला आणि त्याच्या वखारीत सतरा वर्षे राहिला. ओहारु नावाच्या विधवेच्या घरी माडीवरची खोली त्याने भाड्याने घेतली होती. ही बाई सोयाबीनच्या दुधाच्या वड्या पाडून विकी. संध्याकाळी तो दारात येऊन ‘कोन्बान्वा’ म्हणे; तिन्हीसांजेचे तिकडचे अभिवादन ते. उच्चार चुकला की ओहारु दार उघडत नसे. आतून लाकडी पळीने पिंपाच्या काठावर पाच ठोके देई आणि वाट पाही. पहिले दोन हिवाळे तो कुडकुडत, मनातल्या मनात चरफडत, तो शब्द घोटत उभा राहिला. पळीची ही गोष्ट त्याने पुढे कुणालाही सांगितली नाही. मोठ्या माणसाला अशा गोष्टी सांगण्याची लाज वाटते.

एक्केचाळीस साली युद्धाच्या धास्तीने मालकाने गाशा गुंडाळला. बोट सुटली त्या दिवशी ओहारु बहिणीच्या गावी गेलेली होती. निरोप घ्यायचा राहिला. पुढे कोबे बाँबगोळ्यांत जळाल्याचे त्याच्या कानी आले. टपाल बंद होते, आणि चालू असते तरी तिची लिपी त्याला लिहिता येत नव्हती. म्हातारी जिवंत आहे की नाही, एवढे एकच त्याला जाणून घ्यायचे होते.

सेहेचाळीसच्या आरंभी त्याच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायडाबाईचा भाचा कानिफनाथ रजेवर आला. त्याच्या पलटणीला हरलेल्या जपानात पहाऱ्यावर जाण्याचा हुकूम झाला होता. नूरमहंमदाने त्याला त्याच दिवशी मागाशेजारी बसवले. जळलेल्या गावात परक्या शिपायाला कोण दार उघडणार? तो शब्द नूरमहंमदाच्या तोंडचा वाटला, तरच ओहारु उघडील.

या शब्दात नासिक्य, म्हणजे नाकातून निघणारे, वर्ण दोन, आणि दोन्ही निराळे. पहिल्यापुढे ‘बा’ येतो म्हणून तिथे ओठ मिटतात. आपले वैयाकरण यालाच परसवर्ण म्हणतात. दुसऱ्यापुढे ‘वा’ येतो; तिथे ओठ मिटायचे नाहीत, जीभही कुठे टेकवायची नाही, नाद तेवढा नाकावाटे सोडायचा. शिवाय आपल्या शास्त्राने व्यंजनाला अर्धी मात्रा दिली आहे. जपानी भाषेतला हा वर्ण स्वतःची पुरी मात्रा मागतो. को, न्, बा, न्, वा अशा एकंदर पाच मात्रा. नूरमहंमदाने कोणतेही शास्त्र पाहिले नव्हते. तो आडवे सूत नेणारा मागाचा धोटा फेकी आणि दर फेकीला एक मात्रा म्हणायला लावी.

“धोटे किती झाले?”

“पाच.”

“आणि तुझा शब्द?”

“तिसऱ्यालाच सपला. चाचा, तुमचा धोटाच हळू हाय.”

“धोटा हळू नाही, तू उतावळा. नाकाला त्याचा वाटा दे.”

“आमच्या गावाकडं नाक शिंकाया लागतं, बोलाया न्हाई.”

कांडी भरता भरता बायडाबाई म्हणाली, “भाई, पोरगं पहाऱ्याला चाललंय का कीर्तनाला? रायफल त्यानं दोन दिसांत शिकली. ह्या एका शब्दाला आज नववा दिस हाय.”

“रायफलीनं दार उघडत नाही, बायडाबाई.”

गुरू आणि शिष्य दोघेही एकमेकांना विटले. त्या पंधरवड्यातल्या लुगड्याची वीण जागोजाग विरळ पडली, आणि तो दोषही नूरमहंमदाने कानिफनाथाच्या जिभेवर लादला. नाकाच्या दांडीवर बोट ठेवून थरथर तपासायला लावले. तरी दुसऱ्या नासिक्याला जीभ दाताला टेकेच. शेवटल्या दिवशी कानिफनाथ पायताण घालता घालता म्हणाला, “येतो चाचा. जमलं तर बगतो.” नूरमहंमदाने मान वर केली नाही. त्या दिवशी मात्र माग बंद राहिला.

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर कानिफनाथ परतला आणि थेट भिंगारला आला.

“बोल,” नूरमहंमद म्हणाला.

“बसू तर द्या. तुमची गल्ली न्हाईच आता, समदी जळाली. पुलाखाली पत्र्याच्या खोपटात एक म्हातारी वड्या विकती म्हनून एकानं दावलं. दाराशी जाऊन म्या शब्द म्हनला. दार काय उगडंना. आतून नुसती ठकठक. पाच डाव. आन पुन्ना गप.”

नूरमहंमदाच्या हातातला धोटा तसाच राहिला. “कशाची ठकठक?”

“लाकडाची पळी हुती, मागनं दिसली. अकरा डाव म्हनाया लावलं मला, वरून पानी पडतंय. चाचा, तिच्यापरीस तुमी बरे.”

“मग?”

“मग उगडलं. माज्याकडं बगितलंच न्हाई तिनं. माज्या मागं, रस्त्यावर कोन हाय का, तेच बगत हुती. म्या म्हनलं, नूर. तवा उंबऱ्यावर बसली.”

बायडाबाईने चरखा थांबवला.

“म्हणून दाखव,” नूरमहंमद म्हणाला.

कानिफनाथाने कंटाळून नाकावर बोट ठेवले आणि शब्द म्हटला. नूरमहंमदाने या वेळी चूक काढली नाही, धोटा फेकला.

एकोणपन्नासच्या हिवाळ्यात तो वारला. माग आता त्याची भाची हमिदा चालवते. कानिफनाथ खर्ड्याहून नगरला आला की भिंगारला जातो, दाराबाहेर उभा राहून तो शब्द म्हणतो. हमिदाचे पाच धोटे पुरे होतात, मग ती उठून दार उघडते.