दोरीचे दोन वेढे

ही एकच बातमी मी आजवर दाबून ठेवली. इतरांच्या चुका छापण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ही मात्र छापली नाही, घरातही बोललो नाही. तुम्हाला सांगतो आहे. का — ते मलाही नीट सांगता येणार नाही.

चाळिशीत मला घोड्यावर बसायला शिकायची हौस आली. वसमतजवळच्या हट्टा गावात एक गृहस्थ वरातीसाठी घोडी ठेवायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. सुटीच्या दिवशी मी तिकडे जायचो, धाकटी बहीण सुजाता सोबत यायची. ती वसमतला एका लॅबमध्ये रक्त काढायची. तिचा हात इतका हलका, की लेकरंसुद्धा तिच्यापुढं दंड धरायची. मी पहिल्यांदा खोगिरावर बसलो तेव्हा ती म्हणाली, "दादा, घोडीला वाटून राहिलं नवरदेव आला. तिला सांग, वय निघून गेलं म्हणून." मी अविवाहित आहे. मामा हसले. मीही हसलो — थोडं उशिरा.

मामांचे नियम मोजकेच. मागून जायचं नाही. जवळ जाताना आवाज द्यायचा. आणि तिसरा — "दोरी मुठीत धरायची, हाताला गुंडाळायची न्हाई. उधळली तर दोरी जाऊ द्या." आम्ही दोघांनीही ते ऐकलं. दोघांनीही.

त्या दिवशी मामा चारा आणायला गेले होते. मला ऑफिसचा फोन आला. मी खाली उतरलो, दोरी सुजाताच्या हातात दिली. घोडी गवताकडे ओढ घेत होती. बांधापलीकडे शिजवलेली हळद वाळत घातली होती. घोडी हळदीत शिरली तर मामा मला पुन्हा बसू देणार नाहीत — भीती एवढीच होती. एवढीच.

मग काय झालं? बातमीत हे पहिल्या ओळीत सांगायचं असतं. मी अजून भोवतीच फिरतो आहे.

फोनवर हात ठेवून मी म्हणालो, "हाताला गुंडाळून घे. दोन वेढे दे."

"मामा न्हाई म्हणले ना?"

"मामा हाय का इथं? गुंडाळ म्हणलं ना."

तिनं गुंडाळली.

वाऱ्यानं हळदीवरची ताडपत्री फडफडत वर उठली. घोडी उधळली. सुजाता बांधापर्यंत फरफटत गेली. उजव्या हाताची दोन बोटं नांदेडला काढावी लागली.

दवाखान्यात मामांनी तिला विचारलं, "पोरी, सांगितलं होतं तरी काहून गुंडाळली?" ती शुद्धीवर होती. माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं मामा, मी फोनवर होतो. तिनंच गुंडाळली."

तिनं नजर मामांकडे वळवली. मग म्हणाली, "व्हय. माझंच चुकलं."

निदान तिथं तरी थांबायचं? नाही. महिनाभरानं मी पेपरात लेख लिहिला — नवशिक्यांनी घोड्याजवळ कोणती काळजी घ्यावी. त्यात सूचना न पाळणाऱ्या एका तरुणीचं उदाहरण दिलं. नाव दिलं नाही. द्यायची गरज होती का? सगळ्यांना माहीतच होतं. लेखातली प्रत्येक सूचना बरोबर होती. सुजातानं तो वाचला आणि म्हणाली, "बराबर लिहिलंस." तिच्या आवाजात मी टोमणा शोधला. नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

रक्त काढायचं काम सुटलं. त्याच लॅबच्या खिडकीवर बसून ती आता येणाऱ्यांची नावं लिहून घेते, डाव्या हातानं. त्या दिवसाबद्दल ती कधी काही बोलली नाही. मीही नाही.

आई मात्र बोलायची. सुजाताच्या हातून तांब्या निसटला की चुलीपुढून म्हणायची, "सांगितलेलं ऐकलं असतं तर असं झालं असतं का, बाई?" सुजाता फडक्यानं पाणी टिपून घ्यायची. मी तिथंच जेवत असायचो. ताटातून मान वर केली नाही. आई गेल्या वर्षी गेली, तेव्हाही तिची समजूत तीच होती.