फक्कीने आखलेलं घर

माझ्या सासूबाई चिंचवडला आमच्याकडे राहायला तीनदा आल्या आणि तीनदा परत गेल्या. सर्वांत लांबचा मुक्काम अकरा दिवसांचा. सोलापूरकडच्या खेड्यात त्या एकट्याच होत्या, म्हणून आम्ही आग्रह करकरून आणायचो. पण आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. यजमान शिफ्टला, मी कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात, मुलगी शाळेत. अकराव्या दिवशी त्यांनी गाठोडं बांधलं.

"जिन्यात कुणाला 'जेवलात का' इचारलं, तर माणूस घाबरून घड्याळ बघतंय. जाते मी," म्हणाल्या.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. त्याच सुमारास कारखान्यातल्या चौदा कुटुंबांनी मिळून सोसायटी काढली आणि पवना नदीच्या अलीकडे जमिनीचा एक तुकडा घेतला. चौदांपैकी नऊ घरांत आईवडील गावी होते, किंवा आमच्यासारखे येऊन-जाऊन. म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी प्रत्येक घरात एक खोली हवीच, असं पहिल्याच बैठकीत ठरलं. नकाशा काढायला एक तरुण इंजिनिअर मिळाला. तो नकाशा गिरवायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं, कारण मी ट्रेसर होते. पेन्सिलच्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने रेघ ओढायची. नऊ वर्षं मी गिअरचे दाते गिरवत होते. एखादी रेघ चुकली आहे असं म्हणायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती.

हा नकाशा गिरवताना मात्र माझा हात थांबला. म्हाताऱ्यांची खोली घराच्या पार मागे, मोरीला लागून. खिडकी एक, तीही उंचावर.

मी धीर करून इंजिनिअरना विचारलं. ते समजुतीने म्हणाले, "ताई, या वयात शांतता लागते."

सासूबाई तेव्हा चौथ्यांदा आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना हे सांगितलं.

"शांतता घिऊन काय करू? गावाकडं हाय की भरपूर," त्या म्हणाल्या. मी नकाशा पुढे धरला, तर त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "ह्या रेघांत मला काय कळणार? रांगोळीसारखं भुईवर काढ, मग सांगते."

म्हटलं तर चेष्टा, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. पुढच्या रविवारी मैदान आखायची पांढरी फक्की दोन पोती आणली, इंजिनिअरनी टेप धरली आणि आम्ही चार बायकांनी त्या मोकळ्या जमिनीवर दोन घरं खऱ्या मापाने काढली. भिंती, दारं, चूल, मोरी, सगळं. गावाहून आलेली सात-आठ म्हातारी माणसं बघायला जमली.

सासूबाईंनी फक्कीच्या उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, तेव्हा सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. सरळ मागच्या खोलीत जाऊन मांडी घालून बसल्या. तेवढ्यात आमच्या मेकॅनिक शेजाऱ्याचे अब्बा रेघ ओलांडून आत आले.

"अवो, भितीतनं कुठं चाललात?" सासूबाई ओरडल्या.

"माफ करा, बहन. दार फार लांब होतं."

"मग दार हितं पायजे," असं म्हणून त्यांनी पायानेच रेघ पुसली.

त्यानंतर सगळ्यांना कंठ फुटला. इथून फक्त शेजारच्या मोरीची भिंत दिसते. शाळेतून येणारी पोरं दिसत नाहीत. इंजिनिअरनी पायरीची उंची हाताने दाखवली, तर अब्बा म्हणाले, "बेटी, ही पायरी माझ्या गुडघ्यांना मंजूर नाही." मग विटा रचून एकेकाला बसवलं आणि हाताचा आधार न घेता ज्या उंचीवरून सगळे उठले, तीच पुढच्या बसायच्या ओट्याची उंची धरली. दुपारचं ऊन अंगावर आल्यावर सगळी मंडळी आपसूक कडुनिंबाखाली सरकली. ते झाड नकाशात नव्हतंच, कापायचं ठरलं होतं. इंजिनिअरनी वर पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि झाड राहिलं. न्हाणीचं पाणी केळी-अळूला सोडायचं, हेही तिथेच ठरलं.

म्हाताऱ्यांची खोली पुढेच आणायची म्हटल्यावर वाद झालाच. एक सभासद चिडून म्हणाले, "पुढच्या खोलीत म्हातारी माणसं? मग पाहुण्यांना कुठे बसवायचं?"

"पाहुणा दुपारचा आला तर त्याला पाणी कोण देणार? तुमी तर शिफ्टला," सासूबाई म्हणाल्या. त्या सभासदांच्या बायकोनेच मान डोलावली आणि विषय मिटला.

नकाशा नव्याने झाला. म्हाताऱ्यांच्या खोल्या पुढे आल्या, समोरासमोर, आणि त्यांच्यापुढच्या पडव्या जोडून एकच लांब पडवी झाली. मी तो पुन्हा गिरवला. दाराची ती जागा बदलताना मला जे वाटलं, ते गिअरच्या दात्यांनी कधी वाटलं नव्हतं.

घरं झाली. सगळंच सुरळीत झालं असं नाही. केळीकडे जाणारं पाणी पहिल्या पावसाळ्यात तुंबलं आणि चर पुन्हा खणावा लागला. मी मुलीला रागावले की तीन घरांतून तिच्या बाजूने वकिली यायची. ती "होय"ऐवजी "व्हय" म्हणायला लागली, म्हणून बाईंनी मला शाळेत बोलावलं. यजमानांना पडवीवर बिडी ओढायची चोरी झाली. पण सासूबाई राहिल्या. अब्बा सगळ्या आळीचे स्टोव्ह दुरुस्त करायचे, आणि सासूबाई त्यांना "पिन सरळ धरा" म्हणून शिकवायच्या. स्वतः सासूबाईंनी तोवर आयुष्यात स्टोव्ह उघडला नव्हता.

दोन वर्षांनी मला दुसरी मुलगी झाली. रजा संपली आणि कामावर जायचा दिवस आला. सकाळी आठला मी बाळ पडवीवर नेलं. सासूबाईंनी घेतलं, त्यांच्याकडून समोरच्या आजींनी घेतलं, अब्बांनी टोपी सारखी केली. दूध कधी, झोप कधी, हे मी सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. तिचं नाक कुणासारखं यावर त्यांचं भांडण जुंपलं होतं.

फाटकाशी पोचेपर्यंत मी तीनदा मागे वळून पाहिलं. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मग कंपनीची बस आली आणि मी चढले.