बोळ सोडून गॅरेज

यांचा पाय खुब्यातून आखडला तेव्हा वकिली चांगली चालली होती. सायकल सुटली, रिक्षात चढता येईना, म्हणून आम्ही एक जुनी गाडी घेतली. चालवायला मीच शिकले. ड्रायव्हर ठेवला की त्याच्या सुट्ट्याही सांभाळाव्या लागतात. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात बाई गाडी चालवते हे पाहायला लोक दुकानांतून बाहेर येत. पुढे येईनासे झाले.

अडचण वेगळीच होती. आमच्या गल्लीत गाडी उभी करून यांना चढवेपर्यंतही बैलगाड्या अडत, म्हणून ती कोपऱ्यावरच्या मैदानात ठेवावी लागे. तिथवर यांना चालत जावे लागे. पावसाळ्यात ते दोनदा घसरून पडले. दुसऱ्यांदा घरी आल्यावर चिखलाचे धोतर सोडता सोडता म्हणाले, "आता पुढच्या तारखा ज्युनिअरले देऊन टाकतो."

तारखा गेल्या की पक्षकार जातात, आणि मग माणूस खाटेवर बसतो. माझ्या सासऱ्यांचे तसेच झाले होते. मी घराला लागून गॅरेज बांधायचे ठरवले.

नगरपालिकेचा नियम असा की घराच्या बाजूची जागा मोकळी सोडलीच पाहिजे. सूट हवी तर अर्ज, नक्शा आणि शेजाऱ्याची संमती. शेजारी निवृत्त नायब तहसीलदार होते. त्यांनी हरकत घेतली, आणि ती खोटी नव्हती. तेव्हा घरोघरी टोपलीचे संडास. मैला नेणारी बाई आमच्या त्याच मोकळ्या जागेतून मागे जाई आणि दोन्ही घरांचे संडास साफ करी.

"वहिनी, तुमची गाडी घरात राहीन, अन् आमचा संडास? तो कोण काढीन?"

तीन फुटांचा बोळ सोडते, असे मी सांगितले. दोनसुद्धा उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवटी नगरपालिकेच्या समितीने मौका, म्हणजे प्रत्यक्ष जागा, पाहायचे ठरवले.

एका सकाळी समितीचे मेंबर, ओव्हरसियर आणि चपराशी आले; शेजारीही बाहेर आले. गॅरेजची भिंत जिथे येणार तिथे मी मिस्त्रीकडून चुन्याची रेघ मारून घेतली होती. मंडळी जागेच्या तोंडाशी थांबली. चहा झाला, धानाच्या भावावर बोलणे झाले. रेघेपाशी कोणी जाईना. तो रस्ता संडासाचा. मेंबरांनी ओव्हरसियरकडे पाहिले, त्याने चपराशाकडे, चपराशी आभाळाकडे पाहत राहिला. मग एक मेंबर हिंदीतून म्हणाले की विषय पुढच्या बैठकीत घेऊ. पुढची बैठक पावसाळा संपल्यावर होती.

मी ओव्हरसियरच्या हातातून टेप घेतला आणि आत गेले. मैला नेणारी बाई तेवढ्यात मागून येत होती. तिला टोपली खाली ठेवायला सांगून टेपचे एक टोक तिच्या पुढे केले.

"मी धरू, बाई?"

"धर. एकटीनं मोजता येत नाही."

तिने टोक शेजाऱ्यांच्या भिंतीला लावले, मी रेघेपाशी उभी राहिले. तीन फुटांहून दोन बोटे जास्तच भरले. मी आकडा मोठ्याने सांगितला, ओव्हरसियरने बाहेरूनच लिहून घेतला. शेजारी म्हणाले, पुन्हा मोजा. पुन्हा मोजले.

"पटत नसेल तर आत या, तुम्हीच पाहा," मी म्हटले. ते आले नाहीत. मग ती बाई टोपली घेऊन रेघ आणि भिंत यांच्यामधून चालत गेली आणि परत आली. कुठे घासली नाही.

"हौ, दिसलं," शेजारी म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

टेप परत देऊ लागले तर ओव्हरसियर मागे सरला. "अभी आप ही रखिए, बाईजी." मी तो बंबाच्या पाण्याने धुऊन मिस्त्रीला दिला. त्या बाईला चहा दिला, तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपात.

परवानगी मिळाली, पण बोळ सोडल्यामुळे गॅरेज इतके अरुंद झाले की गाडी आत गेल्यावर तिचे दार उघडेना. मिस्त्री म्हणाला, बाई, हे चुकलं. मी यांच्या ऑफिसच्या खोलीची भिंत नेमकी गाडीच्या डाव्या दाराएवढी फोडायला लावली. जोते ठेंगणे होते, त्यामुळे दार सरळ खोलीत उघडू लागले. उजवीकडे मात्र भिंतच. तेव्हा आधी मी शिरायचे, सरकत स्टिअरिंगपर्यंत जायचे, मग फायली, मग हे.

पहिल्या दिवशी हे काठी टेकून दारात उभे राहिले आणि माझे सरकणे पाहत होते.

"कोर्टात जाची घाई माह्यापेक्षा तुलेच हाय," ते म्हणाले.

मी म्हटले, "बसा. अकरा वाजता तारीख आहे."